पदरचं वाक्य

आईने टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दिलसुखनगरच्या आमच्या घरात केबल आल्यापासून ती संध्याकाळी कुणासाठी आवाज कमी करत नाही. जावयासाठी नाही, पाहुण्यांसाठी नाही. एकदा शेजारच्या शोभाकडचा सिलिंडर गळत होता आणि ती आमच्या दारात येऊन ओरडत होती, तेव्हाही नाही. त्या दिवशी मात्र तिने रिमोट उचलला, आवाज पार खाली आणला आणि आमच्याकडे वळून बसली. आम्ही म्हणजे मी आणि वैशाली. वैशाली पुण्याची. नवऱ्याच्या कंपनीबरोबर हैदराबादला आलेली, स्वतःही कॉम्प्युटरवरच काम करणारी, तिशीतली चुणचुणीत बाई. कोठी भागातल्या आमच्या मराठी मंडळात वर्षानुवर्षं तीच ती म्हातारी डोकी वर्तमानपत्रं चाळत बसलेली असायची. तिथे हिने आल्या आल्या व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढच्या रविवारचं व्याख्यान माझ्या गळ्यात घातलं. विषय तिनेच ठरवला होता: ललित लेखनात कल्पनाशक्तीचं स्थान. 'तुमच्याशिवाय कोण बोलणार, त्रिवेणीताई? ती बसमधली बाई तुम्ही आणली कुठून, एवढंच सांगा. लोक जागचे हलणार नाहीत.' मी अशा वेळी करते तसं थोडं हसून म्हणाले, कुठून आणायची, नुसती सुचली. त्यावर आई म्हणाली, "सुचायचं काय त्यात? ते माझंच हाय की. हिला बेगम बाजारात मिरच्याच्या दुकानावर बसवून गेलते मी. शेटजीनं पायाला सुतळी बांधून ठेवलती, पोट्टी कुठं जाऊ नये म्हणून." एवढं बोलून तिने आवाज पुन्हा वाढवला. मी वैशालीकडे बघून हसले आणि म्हटलं, तिला मी गोष्टी वाचून दाखवते ना, मग तिला सगळं स्वतःचंच वाटायला लागतं. वैशाली म्हणाली, किती गोड. हिला सगळंच गोड वाटतं. आमचं मराठीही तिला गोड वाटतं.

ती गोष्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, नाहीतरी त्यांची संख्या मोठी आहे. एक बाई वर्षाच्या मिरच्या आणायला बाजारात जाते. पोरीला ताप असतो म्हणून तिला शेजारणीजवळ ठेवलेलं असतं. अफजलगंजला बस उभी दिसते. बाई बसमध्ये चढते. कुठली बस हे विचारत नाही, कंडक्टरच्या हातावर पैसे ठेवते आणि शेवटपर्यंत जाते. उतरते, एका दगडावर बसते. उन्हं कलेपर्यंत बसते. मग त्याच बसने परत येते, मिरच्या घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. कुणाला काही कळत नाही. ती का गेली हे मी लिहिलेलं नाही. एवढंच शेवटचं वाक्य आहे: लेकरासाठी ती परत आली. दिवाळी अंकात आली तेव्हा या गोष्टीला बक्षीस मिळालं, आणि माझं नाव चार लोकांना ठाऊक आहे ते तिच्यामुळेच. बाकीच्या माझ्या गोष्टी खरं सांगायचं तर उचललेल्या आहेत. मावशीचा संसार, नणंदेचं ऑपरेशन, ऑफिसातल्या मेधाचं मोडलेलं लग्न. आमच्या नात्यात मी आले की बायका विषय बदलतात. एका जावेने तर तोंडावर सांगितलं होतं, हिच्यापुढं रडू नका गं, छापून आणील. मी तेही छापून आणलं. पण ती बसमधली बाई माझी होती. ती कुणाकडून घेतलेली नव्हती, ऐकलेली नव्हती. एके दिवशी ऑफिसातून येताना बसच्या खिडकीशी बसलेले असताना ती आपसूक आली आणि माझ्या शेजारी बसली. चोराच्या घरात एखादी वस्तू तरी घामाच्या पैशाची असावी, तशी ती गोष्ट होती माझ्याजवळ. आणि आई म्हणते, ते माझंच हाय.

रात्री जेवताना मी शिवराजला, माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं. तो भाकरी मोडत म्हणाला, तुझी आई अख्खी कॉलनी सीरियलमध्ये घालते आणि सीरियल कॉलनीत, तू कशाला डोकं शिणवतेस. ते खोटं नव्हतं. मागल्याच महिन्यात आईने शोभाला गंभीरपणे सांगितलं होतं की कोपऱ्यावरच्या शिंप्याची सून डॉक्टरबरोबर पळून गेली. शोभा बिचारी सांत्वनाला गेली तर सून दारात धुणं वाळत घालत होती. पळून गेलेली सून रात्री साडेसातच्या तेलुगू मालिकेतली होती. शिवाय माझ्या गोष्टी आई ऐकते ते गोष्टी म्हणून ऐकतच नाही. तिला वाचता येत नाही. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत, त्याही मुलग्यांना. भालकीजवळच्या तिच्या गावात मुलीला कोण शिकवतो. त्यामुळे वाचून दाखवलेलं ते सगळं तिच्या लेखी पोथी. माझा मुलगा प्रशांत इथेच वाढलेला, मराठी वाचताना दगड फोडल्यासारखा अडखळतो आणि कोचिंग क्लासातून आला की अमेरिकेपलीकडचं बोलत नाही. नवरा पेपर वाचतो. तेव्हा नवी गोष्ट झाली की माझा श्रोता एकच. आई हातपाय धुऊन येते, डोक्यावर पदर घेते, मांडी घालून बसते आणि मध्ये उठत नाही. पोथी अर्धी टाकून उठू नये. झालं की कागदांना हात लावून कपाळाला लावते. आणि विचारते, फळ काय मग? पोथीला फलश्रुती असते. ऐकणाऱ्याला पुत्र मिळतो, धन मिळतं, निदान ताप उतरतो. माझ्या गोष्टीचं फळ काय या प्रश्नाला मला कधीच उत्तर देता आलेलं नाही. पण पोथीत असतं ते घडलेलं असतं, याविषयी तिला शंका नसते. आणि घडलेलं असतं तर कुणाला तरी घडलेलं असतं. मग स्वतःलाच का नाही? हे सगळं मी स्वतःला समजावून सांगितलं आणि मला बरं वाटलं. अंगावर पांघरूण ओढलं. आणि मग सुतळी आठवली. माझ्या गोष्टीत सुतळी नाही. दुकानही नाही. पोर शेजारणीकडे आहे, तापात निजलेलं. कुठल्याही मालिकेत कुणी पोरीच्या पायाला सुतळी बांधत नाही. मालिकेतल्या पोरींच्या पायांत पांढरे मोजे असतात.

सोमवारपासून मी आठवायला बसले. विम्याच्या आमच्या ऑफिसात तेव्हा नुकतेच कॉम्प्युटर आले होते. त्यांच्यासाठी गार हवेची वेगळी खोली, बाहेर चपला काढायच्या, वर प्लॅस्टिकची झाकणं. देवघरात शिरावं तसे आम्ही तिथे शिरत असू आणि हात लावायला घाबरत असू. मी त्या खोलीत पडद्यासमोर बसून उजव्या पायाचा घोटा चोळत होते. सोमवारी काहीच आठवलं नाही. मंगळवारी कोठीवरून बस वळताना एकदम सुतळी जाणवली. खरखरीत, थोडी ओलसर, दुहेरी गाठ मारलेली. मग पोत्याचा खडबडीत स्पर्श मांडीखाली. बुधवारी शेटजी आले: पांढरं धोतर, कानात सोन्याची भिकबाळी, हात मिरच्यांनी लाल. गुरुवारी आईची पाठ दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर घट्ट पदर, गर्दीत लहान लहान होत गेलेली पाठ. आणि मी रडत नव्हते, शिंकत होते. इतकं लख्ख दिसलं की मी बसमध्ये तोंडाला रुमाल लावला. आणि त्याच क्षणी मला माझीच किळस आली. कारण हे मी कसं करते ते मला ठाऊक आहे. आधी एक स्पर्श, मग एक वास, मग पाठमोरं माणूस. चेहरा कधीच नाही, चेहऱ्यात चूक होते. भिकबाळी तर मी आधीच्या एका गोष्टीतल्या सावकाराची काढून ह्याच्या कानात घातली होती. मला कुणी सांगू दे की तू लहानपणी विहिरीत पडली होतीस, परवापर्यंत मी पाण्याची चव सांगेन. इतकी वर्षं या गुणाचं कौतुक करून घेतलं. आता एक, फक्त एक गोष्ट मला खरी आठवायला हवी होती आणि हा गुण मधे दरवानासारखा उभा होता. आत जे काही असेल ते तो बाहेर येऊ देईना, स्वतःच एकेक वस्तू करून माझ्या हातावर ठेवत होता. व्याख्यानासाठी कागद पुढे घेतला तर पहिलं वाक्य सुचलं, कल्पना म्हणजे अनुभवाच्या पलीकडे टाकलेलं पाऊल. मी ते खोडलं. पाऊल कुणाचं, हेच कळेनासं झालं होतं.

आणि शुक्रवारी कधीतरी लक्षात आलं की गोष्ट कुणाची हा माझा प्रश्नच नाही. गोष्ट आईची असेल तर असू दे. माझ्या लहानपणी झोपताना तिने कुणाजवळ तरी पुटपुटलं असेल, मी ऐकलं असेल, विसरले असेन आणि तीस-पस्तीस वर्षांनी बसच्या खिडकीशी ते पुन्हा वर आलं असेल. लेखकांचं असंच होत असावं, त्यात काही नाक कापलं जात नाही. मला जे टोचत होतं ते दुसरंच होतं. माझ्या गोष्टीतल्या बाईला मी सांभाळून घेतलं होतं. पोर शेजारणीच्या हवाली, तापात का होईना पण ओळखीच्या माणसाजवळ. आईने सांगितलं त्यात ती मला एका परक्या माणसाच्या पोत्यावर ठेवून गेली होती. कायमची गेली होती का? निघताना परत यायचं तिच्या मनात होतं का? आणि आली ती माझ्यासाठी आली, की बसच तेवढी होती, ती फिरली म्हणून हीही फिरली? आईने मला कधी जवळ घेतलेलं मला आठवत नाही. माझ्यामागून झालेली दोन्ही लेकरं गेली, तेव्हापासून तिचा हात कामापुरताच अंगाला लागायचा. पण बाजारात गेलो की ती माझं मनगट असं धरायची की तिच्या काचेच्या बांगड्या माझ्या हातात रुतायच्या. मी ओढलं तर आणखी घट्ट. मी त्याला दुष्टपणा म्हणत आले. एका गोष्टीत तसं लिहिलंही आहे. आता तो हात मला रात्रंदिवस दिसायला लागला. सोडून गेलेल्या बाईचा तो हात असेल का? की परत आलेल्या? ज्या वयात बायका सुनांचा विचार करतात त्या वयात मी, माझी आई मला टाकून गेली होती का, या विचाराने पोळीचा तवा जाळला. मला फार एकटं वाटत होतं आणि ती पलीकडच्या खोलीत डॉक्टरबरोबर पळालेल्या सुनेचं पुढे काय होतं ते बघत होती.

तिला सरळ विचारायचं सोडून मी शनिवारी ऑफिस अर्ध्यावर सुटल्यावर बेगम बाजारात गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काय शोधत होते ते मला सांगता आलं नसतं. मिरच्यांच्या गल्लीत शिरलं की नाकाला आधी कळतं. हमाल खोकतात, गिऱ्हाईक खोकतं, दुकानदार मात्र खोकत नाही. पोती तीच असावीत, माणसं बदललेली. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा बूथ झाला होता आणि गल्ल्यावरच्या मुलांच्या कमरेला पेजर होते. मी एका दुकानासमोर उभी राहिले, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. शेवटी तिथल्या शेटजींनी, माझ्याहून थोडे मोठे असतील, विचारलं, "क्या होना अम्मा? कब से फिर रहे आप." मी विचारणार होते की तुमच्या वडिलांच्या काळात, हैदराबाद स्टेट होतं तेव्हा, एखाद्या बाईने इथे पोर ठेवलं होतं का. वाक्य हिंदीत जुळवलंही होतं. पण त्याच वेळी मला दिसलं की मी जुळवते आहे. त्यांनी हो म्हणावं असं जुळवते आहे. भला माणूस दिसत होता, हो म्हणालाही असता. मग मी किलोभर मिरच्या घेतल्या. घरी त्या बघून आई म्हणाली की घरात दोन डबे भरलेले असताना हिला मिरच्या आणायची बुद्धी कुणी दिली. मिरच्या कुठून आणल्या ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी दहाला वैशाली गाडी घेऊन येणार होती. आईलाही न्यायचं असा तिचा हट्ट होता, पहिल्या रांगेत बसवायचं, आणि आई सकाळपासून जरीचं पातळ नेसून तयार होती. केस तेवढे राहिले होते. तिचे हात आता वर जात नाहीत, म्हणून तिचा अंबाडा मीच घालते. ती खाली पाटावर, मी मागे खुर्चीवर. केस विरळ झालेत, बोटांतून निसटतात. माझं व्याख्यान लिहून झालेलं नव्हतं. पर्समध्ये दोन कोरे कागद होते. मला वाटलं, आता नाही विचारलं तर मी तिथे उभी राहून काहीतरी चमकदार बोलेन, लोक टाळ्या वाजवतील, आणि मग ते चमकदार तेच खरं होऊन बसेल. तिचं तोंड मला दिसत नव्हतं हे एक बरं होतं. मी विचारलं, "माय, त्या दिवशी मला दुकानात बसवून तू गेलीस. मग परत का आलीस?"

फणी तिच्या केसांत अडकली होती, मी ती तशीच धरून ठेवली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की पुन्हा विचारायचंच नाही असं मी ठरवलंसुद्धा. मग ती म्हणाली, "मला काय ठाऊक?" आणि पुढे, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं, "लई वरसं ठाऊकच नव्हतं बाई. गेले का ते बी ठाऊक नाही, आले का ते बी नाही. तुझ्या बापाला कळलंच नाही, त्यो काय इचारणार. मीच मनात म्हणायची, सावित्री, गेलतीस तर गेलतीस, मग आलीस कशाला? काई सापडायचं नाही. मग तू ती गोष्ट वाचून दाखवलीस. झाल्यावर मी इचारलं तुला, ही बाई परत का आली म्हणून. तू थांबलीस जरा. मग मनलीस, लेकरासाठी. तवा कळलं बघ मला."

मी पार विसरले होते. तिने विचारलं होतं हे, आणि मी सांगितलं होतं हेही. गोष्ट मी स्वयंपाकापाशीच संपवली होती. बाई स्वयंपाकाला लागते, बस. फळ काय असं तिने नेहमीसारखं विचारलं नव्हतं त्या दिवशी. परत का आली असं विचारलं होतं, आणि मला तो फरक कळला नव्हता. गॅसवर भात होता, पोस्टाची वेळ निघून चालली होती, आणि ही उठायला तयार नाही. तेव्हा तोंडाला आलं ते मी सांगून टाकलं. लेकरासाठी. पोथी ऐकणाऱ्या बाईला आणखी काय सांगणार? ती उठली, कागद कपाळाला लावले, आणि मी पाकीट चिकटवण्याआधी ते वाक्य खाली लिहून टाकलं, एवढंच. आता ती मला तेच परत देत होती. सबंध आठवडा मी ज्याच्यासाठी तळमळत होते ते तिच्याजवळ कधी नव्हतंच. तिच्याजवळ माझं पदरचं वाक्य होतं, आणि ते तिने इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं. मला रडू आलं नाही. राग आला, तिचा नाही, कुणाचा ते सांगता येणार नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की ते मी मनाचं सांगितलं होतं, भात लागत होता म्हणून, ते खरं धरू नकोस, नीट आठव, एकदा नीट आठवून सांग. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आईने मान वळवली, तिच्या अर्ध्या अंबाड्यातले केस माझ्या हातातून सुटले, आणि ती माझ्याकडे वर बघायला लागली. मान वर करून, मुलं बघतात तशी.

"खरं हाय ना ते?" तिने विचारलं.

"हौ माय," मी म्हणाले. "खरं आहे."